मेंढवाडा पाहावयास जाताना

रत्नागिरीस पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवावे, याची यादी बहुतेक घरांत वर्षानुवर्षे ठरून गेलेली असते. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, रत्नदुर्गाची तटबंदी, पदच्युत होऊन येथे स्थानबद्ध झालेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी १९१० च्या सुमारास उभारलेला राजवाडा, झाडगावचे मत्स्यालय आणि शेवटी मांडवीच्या धक्क्यावरचा वारा, एवढे झाले की यजमानाचे कर्तव्य संपते. अलीकडे मात्र ज्यांची मुलेबाळे न्यूझीलंड वा वेल्सकडे जाऊन आलेली आहेत, अशा मंडळींकडून एक नवाच प्रश्न कानी येतो. पाच-सात माणसांनी सकाळी निघावे, मेंढ्यांचा एखादा मळा पाहावा, कोकरू हाती घ्यावे, मेंढपाळाशी चार गोष्टी बोलाव्या आणि दिवेलागणीस घरी परतावे, असे काही आपल्या जिल्ह्यात आहे काय? या प्रश्नाचे सरळ उत्तर नकारार्थी आहे, कारण बारमाही मेंढीपालन या भूमीला मानवत नाही. परंतु सरळ उत्तराने येथे भागत नाही. दसरा-दिवाळी उलटली की घाटावरच्या धनगरांचे वाडे सह्याद्री उतरून कोकणात येतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत येथील खाचरांतून मुक्काम करीत हिंडतात, म्हणजे जो मळा पाहावयास आपण दूरदेशी जाण्याच्या गोष्टी करतो तो वर्षातून काही महिने आपल्या दाराशी चालत येत असतो. तो पाहावयाचा कसा, आणि त्यात पाहण्यासारखे काय आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मेंढी कोकणात का टिकत नाही, हे कळण्यासाठी आरंभ पावसापासूनच केला पाहिजे. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उलट सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत सालभराचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास घोटाळत असतो. महाराष्ट्राची मुख्य मेंढी जी दख्खनी, ती या दुसऱ्या मुलखाची लेक आहे. खुरटे गवत, बाभळीच्या शेंगा, कापणी झालेल्या रानातला पालापाचोळा आणि लांबलांब पल्ल्याची चाल यांवर तिचा पिंड पोसलेला. तिला आषाढातल्या कोकणात ठेवली, तर प्रथम तिची लोकर भिजते आणि दिवसेंदिवस वाळत नाही. मग खुरांच्या बेचक्यातील कातडी मऊ पडून तेथे जंतूंचा शिरकाव होतो, खूर सडू लागते आणि जनावर लंगडते. आणि लंगडी मेंढी चरू शकत नसल्यामुळे तिचे पुढचे दैव ठरलेलेच असते. याच्याही पलीकडचा शत्रू पोटात राहतो. ओल्या गवताच्या पात्यांवर चढून बसलेल्या अळ्या चाऱ्याबरोबर जठरात जातात व तेथे रक्त शोषणारे कृमी होतात. पाणथळ खाचरातील गोगलगायींच्या शरीरात वाढणारे चपटे कृमी यकृतात ठाण मांडतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील मेंढ्यांची संख्या सुमारे २७ लाख भरली. त्यांचे मुख्य वसतिस्थान सह्याद्रीच्या पूर्वेस असावे, यात मग आश्चर्य राहत नाही.

येथे कोणी अशी शंका घेईल की, रत्नागिरी जिल्ह्यात धनगरवाड्यांना काय तोटा आहे? चिपळूण, संगमेश्वर, लांजे, राजापूर या तालुक्यांच्या डोंगराळ कडांवर धनगरवाडे आहेत ही गोष्ट खरी. परंतु तेथे राहणारे गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी आणि गाई पाळीत आलेले आहेत, मेंढ्या नव्हेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोघा संशोधकांनी १९८० च्या सुमारास धनगरांच्या पोटजातींचा जो अभ्यास केला, त्यातून ही विभागणी पावसाच्या रेषेबरहुकूम झालेली असल्याचे स्पष्टपणे पुढे आले. भरपूर पावसाच्या सह्याद्रीमाथ्यावर गवळी धनगर आणि त्यांच्या म्हशी, तर पूर्वेकडील कोरड्या पठारावर हटकर धनगर आणि त्यांच्या मेंढ्या, अशी जणू सरहद्दच निसर्गाने आखून दिली आणि माणसांनी ती निमूटपणे मान्य केली. एकाच जातिनामाखाली दोन भिन्न व्यवसाय नांदावेत आणि त्यांचा उलगडा पर्जन्यमापकाने करावा, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकालाच नव्हे तर साध्या प्रवाशालाही मनोवेधक वाटेल असे आहे.

मेंढी पावसात राहू शकत नाही आणि पठारावर उन्हाळ्यात चारा-पाणी पुरत नाही, या दोन अडचणींची तोड धनगराने चालण्यात शोधली. खरिपाची काढणी आटोपली, दसऱ्याचे सोने लुटले, कुलदैवत बिरोबाला भंडारा वाहिला की फलटण, माण, खटाव या भागांतील वाडे पश्चिमेकडे सरकू लागतात. वाडा म्हणजे दोन-चार किंवा अधिक कुटुंबांनी एकत्र काढलेला प्रपंच. प्रत्येकाच्या मेंढ्यांवर स्वतःची खूण असते, परंतु चराई, राखण आणि मजल मात्र सामाईक. कुंभार्ली, वरंध यांसारखे घाट उतरताना पुढे मेंढ्यांचे खांड, बाजूला कुत्री, आणि मागे घोड्यांच्या पाठीवर सारा संसार, असा तो तांडा चालतो. त्या घोड्याचे ओझे एकवार जवळून पाहण्याजोगे असते. खाली घोंगड्या आणि पालाचे कापड, त्यावर भांडीकुंडी व धान्याची पोती, दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या पोतडीतून मान बाहेर काढलेली नुकती जन्मलेली कोकरे, सर्वांत वर पाय बांधून बसविलेल्या कोंबड्या, आणि कधीकधी त्या कोंबड्यांच्या शेजारी पेंगत असलेले तान्हे मूल. ज्याला चालता येत नाही तो जीव घोड्यावर, बाकी सर्वांनी पायी, हा तेथील कायदा.

कोकणातील शेतकरी या पाहुण्यांची वाट पाहतो याचे कारण त्याच्या जमिनीत आहे. जांभ्या दगडाची येथील माती सच्छिद्र. तिच्यावर कोसळणारा पाऊस पोषक द्रव्ये धुऊन समुद्राकडे नेतो. भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी कोकणी शेतकरी राब जाळीत आला, त्यामागे कारणे अनेक असली तरी खताची टंचाई हे त्यांपैकी एक मोठे कारण होय. मेंढीचे लेंडीखत या टंचाईवर उत्तम उतारा ठरते. साधारण शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, तर मेंढ्या-शेळ्यांच्या खतात ते सुमारे ३ टक्क्यांपर्यंत धरले जाते. शिवाय गोठ्यातले मूत्र बहुधा वाया जाते, पण मेंढ्या खाचरातच रात्रभर बसविल्या म्हणजे लेंड्यांबरोबर मूत्रही जागच्या जागी मातीत मुरते, आणि खत वाहून नेण्याची गाडी, मजूर, टोपल्या यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. भात कापून झालेली खाचरे पुढचा पाऊस येईपर्यंत बहुतांशी मोकळीच असतात. त्या रिकाम्या मुदतीत धनगराला चारा व मुक्काम मिळतो, शेतकऱ्याला खत मिळते, आणि दोघांपैकी कोणावरही उपकाराचा बोजा राहत नाही.

हा व्यवहार कागदावर क्वचितच येतो. किती मेंढ्या, किती रात्री, कोणत्या खाचरात, आणि मोबदला भातात की रोखीत, हे बांधावर उभ्या उभ्या ठरते; पूर्वी धान्याचा प्रघात अधिक होता, आता रोख रक्कम सर्रास चालते. मेंढ्या रात्री कोंडून ठेवण्यासाठी जे दोरखंडाचे जाळे खुंट्यांना ताणून उभे करतात त्याला वाघूर म्हणतात, आणि या वाघुरीच्या जागेवरच सौद्याचा खरा हिशेब चालतो. आज एका चौकोनात मेंढ्या बसल्या की उद्या वाघूर लगतच्या चौकोनात सरकवावयाची, म्हणजे साऱ्या खाचराला सारखे खत मिळते. एखाद्या धनगराने आळस करून दोन रात्री एकाच जागी खांड बसविले, तर पुढच्या भाद्रपदात त्या जागचे भात माजून लोळते आणि शेजारचे पिवळे राहते. मग शेतकरी त्या वाड्याला पुढल्या वर्षी बोलावीत नाही. अनेक ठिकाणी तोच वाडा त्याच गावी वर्षानुवर्षे उतरतो आणि बापाची वहिवाट मुलगा पुढे चालवितो, याचे रहस्य या चोख हिशेबात आहे.

ऋतुमानाप्रमाणे कळप घेऊन डोंगर चढण्या-उतरण्याची ही रीत आपल्यापुरतीच नाही. स्पेनमध्ये १२७३ साली दहाव्या आल्फोन्सो राजाने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ नामक संघाला सनद दिली आणि कळपांच्या वाटांना राजाश्रय लाभला. संघ १८३६ मध्ये मोडला, तरी त्या वाटा कायद्याने आजही राखीव आहेत, आणि माद्रिद शहरातून वर्षातून एकदा मेंढ्यांचे खांड वाजतगाजत नेऊन नागरिक त्या हक्काची आठवण जागती ठेवतात. आपल्याकडील धनगराच्या वाटेला अशी सनद नाही. त्याची वाट चालते ती परस्परांच्या गरजेवर. आणि जेथे खाचरांच्या जागी आंबा-काजूच्या बागा कुंपणासह उभ्या राहिल्या, जेथे वनखात्याने चराई बंद केली, किंवा जेथे घाटरस्त्यावर अवजड वाहनांची रीघ लागली, तेथे ती वाट आक्रसत जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्यामागे जगभरातील अशा आक्रसणाऱ्या वाटांचीच चिंता आहे.

आता प्रत्यक्ष सहलीकडे वळू. पहिला विचार संख्येचा. सहा, फार तर आठ माणसे, याहून मोठा जमाव वाड्यावर नेऊ नये, आणि या मर्यादेमागे केवळ शिष्टाचार नसून मेंढीचे शरीरशास्त्रही आहे. मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात आणि बाहुली आडवी, लांबट चौकोनी असते. मान न वळविता तिला आपल्या भोवतालचा बहुतेक सारा प्रदेश दिसतो, फक्त थेट पाठीमागची एक पट्टी तेवढी नजरेआड राहते. जो प्राणी शिकार होण्याच्या भीतीने उत्क्रांत झाला त्याला अशी दृष्टी हवीच. तिच्याभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. त्या वर्तुळाबाहेर माणूस असेल तर ती निवांत रवंथ करते, आत आला की ती पळते, आणि एक पळाली की सारे खांड पळते. ओळखीच्या धनगराला हे वर्तुळ जवळजवळ नसतेच, अनोळखी माणसाला ते बरेच मोठे असते, आणि पंचवीस अनोळखी माणसे एकदम आली तर वाघुरीच्या दोऱ्या तुटेपर्यंत मजल जाते. मेंढी निर्बुद्ध असते हा समज मात्र सोडून द्यावा. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मेंढी इतर ५० मेंढ्यांचे चेहरे ओळखू शकते व दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवू शकते.

दुसरा विचार परवानगीचा. वाडा हे कोणा संस्थेचे प्रदर्शन नसून कोणाचे तरी घर आहे, आणि ते घर तिसऱ्याच कोणाच्या शेतात उतरलेले आहे. सबब शेताचा धनी आणि वाड्यातील वडीलधारा या दोघांचीही संमती अगोदर घेतली पाहिजे. वाडे सध्या कोणत्या गावी आहेत याची खबर ग्रामपंचायतीत, गावच्या पोलीसपाटलाकडे किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळू शकते. वाडा चार-आठ दिवसांत जागा बदलतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकवार खात्री करून घेणे शहाणपणाचे. चिपळुणाच्या बाजूस जावयाचे असेल तर रत्नागिरीहून सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता आहे, म्हणून पहाटेच निघावे. कारण वाड्यावरचा पहिला पाहण्याजोगा प्रहर सकाळचा असतो आणि तो आपल्यासाठी थांबून राहत नाही.

सकाळी गेलेल्या पाहुण्याला पहिले नवल वाटते ते याचे की, ऊन वर आले तरी मेंढ्या अजून वाघुरीतच आहेत. हा आळस नव्हे. गवतावर दव असेपर्यंत कृमींच्या अळ्या पात्यांच्या शेंड्याकडे चढलेल्या असतात. दव वाळले की त्या खाली उतरतात. सूक्ष्मदर्शकात ही अळी न पाहताही धनगराने पिढ्यान्‌पिढ्या दवात मेंढी सोडली नाही, आणि पशुवैद्यकाने पुढे तीच गोष्ट पुस्तकात सकारण लिहिली. या मधल्या वेळात वाड्यावर तपासणी चालते. कोणाचे खूर चिरले, कोणाच्या नाकातून पाणी येते, कोण रात्रीत व्याली, हे एकेका जनावराला हात लावून पाहतात. वाड्यातील म्हाताऱ्यास विनंती केली तर तो एखादी मेंढी धरून तिचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून दाखवील. वरच्या जबड्यात पुढचे दात मुळीच नाहीत, तेथे नुसती कठीण हिरडी. खाली आठ दात, आणि त्यांपैकी मधले दोन रुंद व कायमचे आले असतील तर ती दोनदाती, म्हणजे वर्ष-दीड वर्षाची. पुढे साधारण दरसाल एकेक जोडी पडून नवी येते आणि मेंढी चारदाती, सहादाती होत होत चौथ्या वर्षाच्या सुमारास जुळते, म्हणजे तिचे आठही दात कायमचे होतात. लोणंदच्या किंवा आटपाडीच्या बाजारात हजारो रुपयांचा व्यवहार या अंगठ्याच्या एका दाबावर होतो; तेथे जन्मदाखला मागण्याची पद्धत नाही.

या जागी पाहुण्यांकडून होणारा एक सद्भावनेचा अपराध सांगितला पाहिजे. डब्यातला उरलेला भात, पाव, चपात्या मेंढीला घालण्याची इच्छा प्रत्येकास होते, विशेषतः मुलांना; आणि मेंढीही तो घास आवडीने खाते. परंतु तिच्या पोटाचे चार कप्पे असतात, आणि त्यांपैकी पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे आंबवण्याचे एक मोठे पिंपच होय. गवताचे तंतू फोडणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव तेथे नांदतात. पिष्टमय अन्न एकदम पडले की वेगळ्याच सूक्ष्मजीवांचे फावते, पोटात आम्ल साठते, जनावर चारा सोडते आणि प्रसंगी दगावते. म्हणून धनगराने स्वतः हाती दिल्याखेरीज काहीही खाऊ घालू नये. याच न्यायाने आपल्या जोड्यांवरून एका कळपाचा रोग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दुसरा गोठा पाहून थेट वाड्यावर जाऊ नये. आपला कुत्रा बरोबर नेऊ नये. न तापविलेले दूध पिऊ नये. हात साबणाने धुतल्यावाचून जेवू नये. आणि घरात गर्भवती स्त्री असेल तर तिने विणीच्या हंगामात या सहलीस जाऊ नये, कारण मेंढ्यांमध्ये गर्भपात घडविणारे काही जंतू माणसासही अपाय करतात. हे सारे नियम वाचताना जाचक वाटतात, पण पाळावयास अर्ध्या घटकेचेही काम नाही.

ऊन चढले की पुरुष खांड घेऊन रानात जातात आणि वाडा बायकांच्या स्वाधीन होतो. पाहुण्यांपैकी ज्यांना चालण्याची सवय आहे त्यांनी थोडे अंतर खांडामागून जावे, बाकीच्यांनी वाड्यावर थांबावे; दोघांनाही पाहण्यास सारखेच मिळते. पाल ठोकणे, पाणी भरणे, भाकरी, आजारी मेंढीची शुश्रूषा, मागे ठेवलेल्या कोकरांना पाला आणून टांगणे, आणि गावातून मिळालेल्या धान्याचा हिशेब, एवढा कारभार एकेक स्त्री चालविते. लोकरीचा विषय काढला तर मात्र तेथे उत्साह दिसणार नाही. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून साधारणतः दोनदा कातरतात. ती भरड, केसाळ आणि बहुधा काळी. मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीसारखे कापड तिचे होत नाही, होते ती घोंगडी. सणगर विणकर तिचे सूत खड्ड्याच्या मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन ते ताठ करतात, म्हणूनच चांगली घोंगडी नवी असताना पत्र्यासारखी उभी राहते आणि वापराने मऊ होते. परंतु घोंगडीची जागा गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटने घेतल्यापासून लोकरीस भाव उरला नाही. पुष्कळदा कातरणीची मजुरीही तीतून सुटत नाही. आज धनगराचे उत्पन्न कोकरांच्या विक्रीत आणि खताच्या मोबदल्यात आहे, लोकर हा केवळ जनावराच्या अंगावरचा भार झाला आहे. जत तालुक्यातील माडग्याळ जातीची मेंढी अलीकडे एवढी मागणीस आली याचे कारण हेच होय. उंच बांधा, पोपटासारखे बाकदार नाक, अंगावर तांबूस ठिपके, लोकर अगदी थोडी, आणि कोकराची वाढ भराभर.

सहल एका दिवसाची असली तरी सायंकाळपर्यंत थांबण्याची तजवीज करूनच जावे, कारण वाड्यावरचा सर्वांत मोठा प्रसंग तेव्हा घडतो. दिवसभर आया रानात आणि कोकरे वाड्यावर, अशी ताटातूट झालेली असते. खांडाची धूळ दूरवर दिसू लागताच इकडे कोकरांचा ओरडा सुरू होतो आणि तिकडून मेंढ्या उत्तर देऊ लागतात. मग दोन्ही बाजूंस आवरणारी माणसे बाजूला होतात आणि शेकडो आया व शेकडो कोकरे एकमेकांत मिसळतात. अनोळखी माणसाला तो केवळ गोंधळ वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक कोकरू आवाजाने आपल्या आईची दिशा धरते, आणि आई त्याच्या शेपटीच्या बुडाशी नाक लावून खातरजमा करते. वास जुळला तर आचळाशी उभी राहते, न जुळला तर ढुशी देऊन दूर लोटते. हा वास ती प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांतच शिकलेली असते. पोरक्या कोकराला दुसरीच्या अंगावर पाजणे म्हणूनच कौशल्याचे काम आहे. एका माणसाने मेंढी धरावयाची, दुसऱ्याने कोकरू लावावयाचे, आणि असे दिवसांमागून दिवस, तिला त्याचा वास आपलासा वाटेपर्यंत. अर्ध्या तासात सारे जागच्या जागी लागते आणि वाघूर नव्या चौकोनात उभी राहते. पाहुण्यांनी त्या वेळी बाजूला, शक्य तर बांधावर बसून राहावे. खांडात शिरून छायाचित्रे घेण्याच्या नादात एकदोन कोकरे उपाशी राहतात, आणि त्याचा त्रास वाड्याला रात्रभर होतो.

ज्यांना बांधलेले गोठे, नोंदवह्या आणि शास्त्रीय पैदास पाहावयाची आहे त्यांनी मात्र घाट चढलाच पाहिजे, आणि एका दिवसात परतण्याचा आग्रहही सोडला पाहिजे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे सांगली जिल्ह्यात रांजणी येथे आणि सातारा जिल्ह्यात दहिवडी येथे आहेत. आंबा घाटाने कोल्हापूर गाठण्यातच सकाळ संपते, तेव्हा पुढे मिरजेवरून कवठेमहांकाळ तालुक्यातील रांजणीस जाणाऱ्याने मुक्कामाची सोय करून ठेवावी. फलटणला तर अवश्य जावे. तेथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापिलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांच्या मार्गदर्शनाखाली मेंढीपालनावर जे काम झाले त्याची कथा थेट पावसाच्या प्रश्नाशी येऊन भिडते. दख्खनी मेंढी एका वेतास बहुधा एकच कोकरू देते. उलट बंगालच्या सुंदरबनातील दलदलीत गॅरोल नावाची एक चिमुकली मेंढी गुडघाभर पाण्यात चरते आणि जुळी-तिळी कोकरे देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या होत्या; पुढे तेथील ‘बूरूला’ नामक मेरिनो कळपात असाधारण बहुप्रसवता दिसून आली, तिचे मूळ एका जनुकात असल्याचे कळले, आणि २००१ मध्ये त्या जनुकाची नेमकी ओळख पटली तेव्हा गॅरोल मेंढीतही तोच बदल असल्याचे आढळून आले. फलटणच्या संस्थेने गॅरोलचा दख्खनीशी संकर करून हा एक गुण तेवढा उचलला, बांधा दख्खनीचाच राखला, आणि ‘नारी सुवर्णा’ हा जुळी देणारा वाण धनगरांच्या कळपांत पोहोचविला. अर्थात जुळ्यांना दूध पुरेल एवढा चारा आईला मिळाला तरच ही देणगी लाभाची; चालत्या वाड्यात तो हिशेब प्रत्येक मुक्कामी नव्याने मांडावा लागतो.

मोबदल्याविषयी संकोच बाळगू नये. वाड्यावर गेलेल्या पाहुण्यास चहा मिळाल्याशिवाय राहत नाही, आणि धनगर स्वतः होऊन पैसे मागणार नाही. परंतु आपण त्याच्या कामाचे काही तास घेतलेले असतात, तेव्हा जाण्यापूर्वीच मध्यस्थामार्फत रक्कम ठरवून ती वाड्यातील कर्त्या स्त्रीच्या हाती द्यावी. मुलांना खाऊ देण्यापेक्षा मेंढ्यांसाठी जंतनाशकाच्या मात्रा किंवा एखादी चांगली विजेरी नेली तर तिचा उपयोग खरोखरी होतो. घोंगडी विकत घ्यावयाची झाल्यास घासाघीस न करता घ्यावी. वाड्यावर कोणी ओव्या गाणारा असेल आणि रात्री तो सुंबरान, म्हणजे देवाचे गाऊन केलेले स्मरण, मांडणार असेल, तर त्याला आपल्यासाठी दिवसा गावयास लावू नये. धनगरांच्या दैवतांचा जन्मभर अभ्यास करणारे जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनाही त्या ओव्यांसाठी वाड्यावाड्यांतून, जत्राजत्रांतून हिंडावे लागले होते.

बेत आखावयाचा तो पौष-माघात किंवा फाल्गुनात. वैशाख लागला की वाडे घाटाकडे तोंड करतात, कारण मृगाचा पहिला पाऊस कोकणात गाठला तर खांडाची धडगत नसते, आणि पावसाळी रोगांच्या लसी टोचून घेण्याची कामेही तोवर उरकावयाची असतात. रत्नागिरीस मेंढ्यांचा कायमचा मळा नाही याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. कुंपणातल्या मळ्यात मेंढी दिसते, परंतु ती तेथे का आहे हे दिसत नाही, आणि वाड्यावर ते उघड्या डोळ्यांनी दिसते. सहावी-सातवीच्या मुलांना पर्जन्यछाया, जांभी मृदा आणि स्थलांतरित पशुपालन हे तीन धडे तीन निरनिराळ्या दिवशी पाठ करावे लागतात. चिपळूण-खेडकडच्या एखाद्या शाळेने सहा-सहा मुलांच्या तुकड्या करून, शेतकऱ्याची व धनगराची रीतसर परवानगी काढून, त्यांना एकेक दिवस वाड्यावर नेले, तर तिन्ही धडे एका खाचरात शिकून होतील, आणि वाड्यालाही वर्षाकाठी चार जास्तीचे पैसे मिळतील. एवढी व्यवस्था करण्यास शासनाच्या ठरावाची वाट पाहावी लागू नये.